बावीस मिनिटांची चाळणी

सुभद्राने बटण दाबलं, खणातली वही काढायला वाकली आणि वर पाहते तो काय, पडद्यावरचं चित्र साफ होऊन गेलेलं. बटण नीट लागलंच नसावं असं वाटून तिने ते पुन्हा दाबलं. पडद्याने एकदा पापणी लववली आणि पुन्हा लुगड्याचा तोच काठ समोर आला, तीच करवतीच्या दातांची रांग, धुऊन काढल्यासारखी स्वच्छ. मागे उभ्या असलेल्या केंद्रप्रमुख वझलवार सरांनी चक्क टाळी वाजवली. पुण्याहून आलेल्या इंजिनिअरने आदल्या दिवशी मशीनचं, म्हणजे केंद्रातल्या कॉम्प्युटरचं, पोट उघडून त्यात एक हिरवं कार्ड बसवलं होतं. चित्राचं सगळं काम आता हे कार्डच करणार, मशीनच्या मुख्य मेंदूला त्यात डोकं घालावं लागणार नाही, असं त्याने सगळ्यांना दोनदा समजावून सांगितलं होतं आणि सुभद्राने दोन्ही वेळा मान हलवली होती. पण समजणं वेगळं आणि आपण वही काढेपर्यंत बावीस मिनिटांचं काम संपलेलं दिसणं वेगळं. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि तिथे सपाट जमीन निघावी, तसं तिला झालं. "आता काय करशील वं तू?" शेजारच्या टेबलावरची प्रेमलता हसत म्हणाली. "मशीनकडे टुकुटुकु पाहत बसाची सवय तुले. आता खरंच काम करा लागन!" सगळे हसले. सुभद्राही हसली. हातातली वही तिने पुन्हा खणात ठेवली.

नागपूरच्या सदरमधलं हे डिझाइन केंद्र तसं लहानच. दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या, त्यातली एक गार हवेची. मशीनला धूळ सोसत नाही म्हणून तिच्या दाराशी चपला काढाव्या लागत. विदर्भातल्या जुन्या लुगड्यांचे काठ मिळवायचे, कॅमेऱ्याखाली पसरून त्यांचं चित्र मशीनमध्ये घ्यायचं, एका धाग्याला एक ठिपका अशा मापाने ते उतरवायचं आणि पुढच्या कोष्ट्यांसाठी त्याचा संग्रह छापायचा, हे इथलं काम. चित्र यायचं ते मात्र डागांनी भरलेलं. लुगडं जुनं, त्यावर कापसाचे तंतू, भिंगावर धूळ. म्हणून एक फिल्टर होता आणि केंद्रात सगळे त्याला चाळणी म्हणत. चाळणीचा न्याय सोपा होता. एकेक ठिपका धरायचा, त्याच्या भोवतालचे आठ शेजारी पाहायचे आणि तो एकटाच वेगळा निघाला तर त्याला शेजाऱ्यांसारखा करून टाकायचं. अडीच लाख ठिपक्यांशी हे करता करता मशीन मेटाकुटीला येई. चित्र वरून खाली एकेका ओळीने बदलत जाई, बावीस मिनिटं, उन्हाळ्यात कधी पंचवीस. बाकीचे तेवढ्यात चहाला जात. सुभद्रा जात नसे. गेलं दीड वर्ष ती त्या सरकत्या ओळीसमोर बसत आली होती आणि लोकांना वाटे तशी नुसती बसत नव्हती. ओळ जिथे एखादा ठिपका गिळे, तिथली जागा ती वहीत टिपून ठेवी. चाळणी थांबली की शेजारच्या लुगड्यावर भिंग धरून तीच जागा शोधी. बोटाने झटकून गेला तो कचरा, राहिला तो धागा. धागा असला की ती तो ठिपका हाताने परत भरी. एका काठात वीस, कधी तीस. असे शहाऐंशी काठ. मशीनमध्ये जागा कमी, म्हणून चाळलेलं चित्र मूळ चित्राच्याच अंगावर लिहिलं जाई आणि मागे पुरावा असा काही उरत नसे. सर पाहुण्यांना अभिमानाने सांगत, की आमची चाळणी कचरा तेवढा काढते, धाग्याला हात लावत नाही. ते ऐकताना सुभद्रा खाली पाही आणि तिला मनातून फार बरं वाटे.

हे असं कर म्हणून तिला कोणी सांगितलं नव्हतं. करू नको असंही कोणी म्हटलं नव्हतं, कारण कोणाला पत्ताच नव्हता. सांगणारे होते ते केंद्रातले नानाजी मास्तर आणि मशीन यायच्या आधीच ते निवर्तले. त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं तिने आलेखाच्या कागदावर काठ उतरवले होते, पेन्सिलीने एकेक घर काळं करत. मधल्या बोटाच्या पेराला पडलेला घट्टा अजून तसाच होता. पहिल्याच महिन्यात एका काठात एक धागा चुकीच्या जागी पडलेला दिसला, तेव्हा तिने आपल्या हुशारीने त्याचं घर कोरं सोडलं होतं आणि मास्तरांनी अख्खा कागद पुन्हा करायला लावला होता. रागावले नव्हते. त्यांचा आवाज कधी चढतच नसे. "कागदावर आपलं डोकं नाही चालवाचं, बाई," ते म्हणाले होते. "त्यानं टाकला धागा, त टाकला. आपण कोण काढणारे?" उमरेडच्या कोष्टी आळीतून लग्न होऊन आलेल्या मुलीला हे एकदम पटलं होतं. मागावर बसलेल्या माणसाच्या हाताशी वाद घालायचा नाही, हे ती घरातून शिकूनच आली होती. बाबा विणत असले की घरात कोणी त्यांना हाक मारत नसे, पाहुणा आला तरी तो ओट्यावर थांबे. म्हणून चाळणी जेव्हा पहिल्यांदा तिच्या डोळ्यांदेखत कोण्या अनोळखी कोष्ट्याचे धागे गिळत खाली सरकली, तेव्हा तिला मशीनचा सरळसरळ राग आला होता. मशीनला काय कळतं, असं म्हणून तिने वही काढली होती आणि त्या दिवसापासून आपण या सगळ्या माणसांची बाजू सांभाळतो आहोत असं तिला वाटत आलं होतं. बाईमाणसाला असं गुपचूप मोठं वाटण्याचे प्रसंग फार येत नाहीत, तेव्हा तिने ते कोणाला न सांगता जपलं, यात नवल काही नाही.

आणि आज नेमका बाबांचा काठ होता. संग्रहातला सत्त्याऐंशीवा, शेवटचा. बाबांनी विणलेलं शेवटचं लुगडं. त्यानंतर डोळे अधू झाले आणि माग उभा राहिला तो राहिलाच. ते लुगडं तिने मोठ्या मिनतवारीने उमरेडहून मागवलं होतं आणि बाबा ते रात्रभर बाहेर राहू देईनात म्हणून कॅमेऱ्याखालचं काम आटोपताच भाऊ ते त्याच संध्याकाळी परत घेऊन गेला होता. समोर आता फक्त चित्र होतं. दोनदा चाळलेलं. सुभद्रा त्याच्याकडे पाहत राहिली. काठ सुंदर दिसत होता, त्यात शंका नव्हती. त्यातून काहीतरी गेलं होतं, यातही शंका नव्हती. काय गेलं ते मात्र तिला सांगता येईना. लहानपणापासून ज्या काठाखाली ती खेळली, जो तिच्या आईच्या रोजच्या प्रत्येक लुगड्याला होता, तो आपल्याला पाठ असेल असं ती धरून चालली होती आणि आता डोळे मिटून आठवू जावं तर नुसता लाल रंग आठवत होता, कांजीचा वास, आणि धोटा फेकल्यावर बाबांच्या तोंडून निघणारा हलका हुंकार. दात किती होते, कुठे होते, काही नाही. इतकी वर्षं पाहूनही आपण ते पाहिलंच नव्हतं, या विचाराने तिला लाज वाटली. सर खुर्ची ओढून शेजारी बसले. "सोमवारी संग्रह छापायला जाईल," ते म्हणाले. "आणि त्याच टपालाने तुमचा शेराही पाठवतो. अकरा वर्षं हंगामी राहिलात, आता कायम व्हाल. मी लिहिलंय, यांच्या हाताखाली मशीनचं काम बिनचूक निघतं." सुभद्रा 'हो सर' म्हणाली. पडद्यावरचा काठ तिने छापून घेतला आणि घडी न घालता, दप्तरात सरळ ठेवून घरी नेला.

शनिवारी दुपारी देवराव, तिचा नवरा, कूलरला नवीन गवत भरत अंगणात बसला होता. लकडगंजमधल्या लाकडाच्या टालावर तो मोजणीचं काम करी आणि कोणत्याही वस्तूकडे आधी लांबी, मग रुंदी अशा नजरेने पाही. तिने त्याला सगळं सांगितलं, वहीचंसुद्धा, पहिल्यांदाच. त्याने हातातलं गवत खाली ठेवलं. "म्हणजे दीड वर्ष तू मशीनच्या मागून हात चालवून राहिली होती?" "हो." "आन कोणालेच नाही सांगतलं?" "कोणी विचारलंच नाही." देवराव त्याच्या सवयीप्रमाणे मुद्द्यावर आला. "आता काहून सांगतं वं मंग? ऑर्डर येऊन राहिली ना? कायम झाली की सांग. नाहीतर सांगूच नको. एका ठिपक्यानं कोणाचं लुगडं फाटते?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मोठ्या मुलीचं कॉलेज, धाकटीचं आजारपण, हंगामी नोकरीपायी दर सहा महिन्यांनी खालीवर होणारा जीव, हे सगळं त्याने बोलून दाखवलं नाही, यातच त्याचा भलेपणा होता. ती म्हणाली, "उद्या उमरेडले जाऊन येतो. बाबाले दाखवतो. थे सांगन कसं कराचं थे." "जा," तो म्हणाला आणि पुन्हा गवत भरू लागला.

छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. गाडी इतकी सावकाश चालत होती की रुळाच्या कडेच्या पळसाचं एकेक झाड आपलं आपलं येऊन दिसून जात होतं. सुभद्राला आधी बरं वाटलं, आणि मग आपल्याला बरं का वाटतंय ते लक्षात येऊन ती अस्वस्थ झाली. त्या बावीस मिनिटांत ती नुसते ठिपके टिपत नव्हती, हे तिला आता कबूल करावं लागलं. ओळ सरकत असताना तिच्या मनात काय काय येऊन जाई. आईचे हात, पहिल्या बाळंतपणातला पाऊस, वयाने मोठ्या झालेल्या मुलींशी न बोललेलं बोलणं. घरी ही मोकळी जागा तिला कुठेच नव्हती. कार्डाने तीच उचलून नेली होती. मग आपला हा राग बाबांच्या धाग्यांसाठी आहे की त्या मिनिटांसाठी? हा प्रश्न तिला आवडला नाही. तिने दप्तरातला कागद काढून पाहिला आणि परत ठेवला.

बाबा, कवडूजी, पडवीत उजेडाकडे तोंड करून बसले होते. एक डोळा पूर्ण गेलेला, दुसऱ्याने नाकाशी धरलेलं तेवढं दिसे. देवकी वहिनीने पाणी आणलं, बसायला बसकर टाकलं. चहा होईपर्यंतही सुभद्राला धीर निघाला नाही. तिने कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नाकाला लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू सरकवला, जसं कोणी वास घेत जावं. सुभद्राला वाटलं, बाबा आता म्हणतील, हे काय केलं माह्या काठाचं. बाबांचा चेहरा उजळला. "साजरी किनार हाये," ते म्हणाले. "लय साफ हात हाये. कोणाची वं?"

"तुमचीच हाये, बाबा," ती म्हणाली. ते हसले. थट्टा करते असंच त्यांना वाटलं. मग तिने वहिनीकडून पेटीतलं लुगडं आणवलं, त्यांच्या मांडीवर पसरलं, कागद शेजारी ठेवला आणि भिंग लावून एकेक जागा शोधू लागली. इथे एक धागा आहे, कागदात नाही. इथे दुसरा. इथे एकमेकांच्या जवळच तीन. तिचा आवाज चढत चालला होता. मशीनने कसे धागे खाल्ले, नवीन कार्डाने आता पाहायलासुद्धा वेळ कसा ठेवला नाही, आणि दीड वर्ष आपण एकेक धागा परत कसा भरत होतो, हे तिने एका दमात सांगून टाकलं. बाबा ऐकत होते. बोटं लुगड्यावरून फिरत होती आणि ती जिथे जिथे थांबत होती तिथे तिथेच सुभद्राने दाखवलेले धागे होते. त्यांना पाहावं लागत नव्हतं.

"मशीननं काढले थे बरं केलं," बाबा म्हणाले.

"बरं केलं?"

"चुकलेले हायेत थे." त्यांनी लुगडं पदराच्या बाजूने ओढलं. "हे पाह्य. इकडे सुरुवातीले एक बी नाही. इथून सुरू झाले. मले एकाचे दोन धागे दिसाले लागले होते. उचलाचा एक, उचलू दुसराच. तुह्या मायले बी नोतं सांगतलं. अंधारात बोटानं चाचपून पाहो आन समजे का आज बी चुकला. उसवाले गेलो त अजून बिघडे." पडवीत वहिनीच्या कपबशांचा आवाज तेवढा होत होता. "पेटीत काहून ठेवलं वाटते तुले? मोठं साजरं हाये म्हणून? कोणी पाहू नये म्हणून ठेवलं. तू मागतलं त नाही म्हणता नाही आलं मले."

सुभद्राने भिंग खाली ठेवलं. लुगड्याच्या त्या शेवटच्या दीड हातात बाबांचे डोळे जात असतानाचे महिने होते, आणि ती आताच भिंग लावून ते मोठमोठ्याने मोजत होती. तिला रडू आलं नाही, पण आपण या घरात चपला घालून आत आलो आहोत असं वाटलं.

"बाकीच्याईचे बी असेच भरले का तू?" बाबांनी विचारलं.

"शहाऐंशी."

"अरे बापा," ते हळूच म्हणाले. त्यात राग नव्हता. "सगळ्याईच्या चुका पुस्तकात जातीन आता. कोणाचा हात दुखत असन, कोणाच्या घरी मयत झाली असन. थे लपवत बसले, आन तू एकेक हुडकून परत लावला." त्यांनी मान हलवली, आणि सवयीनेच अंगठ्याचं नख दातांच्या रांगेवरून फिरवू लागले, ओठांत मोजत. नवव्या दातावर नख थांबलं. लुगड्यावर तिथे दाताच्या टोकाबाहेर एक सुटा दाणा होता, एकाच धाग्याचा. त्यांनी कागद नाकाशी नेला, पुन्हा मोजलं, परत मोजलं. "हा कुठं गेला वं?" आता मात्र त्यांचा आवाज बदलला. "हा त नाही काढाचा! हा चुकला नाही. दर नवव्या दाताले एक दाणा, हा आपल्या घरचा हाये. माह्या आज्यापासून. यावरूनच त लोक वळखत का कोणाच्या मागाची हाये. म्हणून मले कागदावर वळखू नाही आली. मी म्हटलं कोण्या दुसऱ्याची हाये."

सुभद्रा त्या दाण्याकडे पाहत राहिली. बाजूच्या चुकलेल्या धाग्यांसारखाच तोही एकटा होता, भोवतीच्या आठांपासून वेगळा. "मले कसं समजणार होतं, बाबा? दोन्ही सारखेच दिसतात."

"दिसाले सारखेच," बाबा म्हणाले. "विचारलं असतं त सांगतलं असतं."

परतीच्या गाडीत तिने खिडकीची जागा घेतली नाही. शहाऐंशी काठ विणणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जण जिवंत होते. उमरेडला, पवनीला, इथे नागपुरात तर चालत जाण्याइतक्या अंतरावर. लुगडं आणायला केंद्राचा माणूस त्यांच्याकडे जायचा, परत द्यायलाही जायचा. त्याच्या हाती एक कागद दिला असता तर झालं असतं. तिच्या मनातसुद्धा आलं नाही. मागावरच्या माणसाला हाक मारायची नाही, हे तिच्यात इतकं मुरलं होतं की त्याला प्रश्न विचारता येतो हेच ती विसरली होती. मशीन शेजाऱ्यांना विचारून ठरवत होतं आणि ती कोणालाच न विचारता. नानाजी मास्तर म्हणाले होते, आपण कोण काढणारे; आपण कोण ठेवणारे, हे ते म्हणाले नव्हते आणि तिने स्वतःला विचारलं नव्हतं. तिला मास्तरांचा थोडा रागही आला, बऱ्याच वर्षांनी. तो फार टिकला नाही. इतवारी स्टेशन आलं तेव्हा तिचं ठरलेलं होतं.

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी पोचली. वझलवार सर आले, पंखा लावून बसले. टेबलावर संग्रहाचा गठ्ठा बांधून तयार होता आणि त्यावर एक लांबट पाकीट, त्यात तिचा शेरा. सरांनी बसा म्हटलं तरी ती उभीच राहिली. बसून हे बोलता आलं नसतं. "संग्रह थांबवा सर," ती म्हणाली.

"का? चाळणीत काही बिघाड?"

"चाळणी धागे काढते, सर. पहिल्या दिवसापासून काढते. मी मागून भरत होते." तिने वही टेबलावर ठेवली. मग काही राखून न ठेवता सगळं सांगितलं. बाबांचे चुकलेले धागे तेवढे तिने सांगितले नाहीत, ते सांगण्याचा हक्क तिचा नव्हता. पण दाण्याचं सांगितलं, आणि कागद विणणाऱ्यांकडे नेऊन विचारावं लागेल, विचारलं तर ते सांगतात, हेही सांगितलं. सर वहीची पानं उलटत होते. ओळीचे आकडे, घराचे आकडे, दीड वर्षाचे. हसरा माणूस, पण आता त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. त्यांनी पाकीट गठ्ठ्यावरून उचललं, बाजूला ठेवलं, आणि वहीवर तळहात टेकला.

"प्रत्येक ठिपक्याला, ठेवायचा की नाही, असं ठरवावं लागलं असेल," ते सावकाश म्हणाले. "चाळणी नाही, मी नाही, ज्यांनी विणलं ते नाहीत. मग दीड वर्ष इथे ठरवत कोण होतं, सुभद्राबाई?"

साहेबांशी बोलताना इतकी वर्षं सांभाळलेली पुस्तकी भाषा तिला त्या क्षणी सापडेना.

"मीच, सर," ती म्हणाली. "आन मले येत नोतं."